पाच पाऊणे पावणेचार: नवी साईट पारखून कशी घ्यावी

म्हापशात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. शुक्रवारी बाजाराला एवढी गर्दी होते की टोनर बदलायलाही सवड मिळत नाही, आणि नेमके त्याच दिवशी लोकांना सगळे प्रश्न पडतात. कुणाला जमिनीचा उतारा हवा असतो, कुणाच्या नावावर भलतंच सिमकार्ड निघालेलं असतं, कुणी बिस्किटाच्या डब्यातून आजोबांचा पोर्तुगीज कागद घेऊन येतो. एकदा शोधलेलं उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत विसरायला होतं, म्हणून गल्ल्याखाली एक दोनशेपानी वही ठेवली. कुठली साईट, कुठलं बटण, कुठे फसायला होतं, सगळं तीत. खाली आहे ते त्या वहीतलंच.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे, आणि ती मार खाऊन लिहिलेली आहे: नव्या साईटला पहिला प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे.

मार कसा खाल्ला ते आधी सांगतो. आम्ही राहतो कोलवाळला, शापोरा नदीच्या बाजूला. मामा आले होते, म्हणाले, तिसऱ्या काढायला जाऊ. तिसऱ्या काढायच्या तर सुकती हवी, पाणी उतरून गाळ उघडा पडायला हवा. मी रुबाबात मोबाईल काढला. परदेशी साईट, झकास निळा आलेख, त्यावर आकडा: सुकती ४ वाजून १० मिनिटं. साडेतीनला टोपली, खुरपं आणि मामा घेऊन निघालो. काठावर पोचलो तर नदी तुडुंब. मामा काही बोलले नाहीत, फक्त रिकामी टोपली या हातातून त्या हातात घेतली. माझी एक चप्पल तेवढी पाण्याने नेली.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज तिथी कोणती?" पंचमी होती. "मग? पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला भरती. तुम्ही चारला तिथे काय करायला गेला होता?"

आई जुन्या पद्धतीच्या शाळेत शिकलेली. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा तासांनी सुकती.

हे जमतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज उशिरा येते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत ती बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आईची पाऊणकी धरते ४५. तीन मिनिटांची तूट, पण त्या बदल्यात कागद लागत नाही की रेंज लागत नाही.

आता त्या साईटचं काय चुकलं होतं? काहीच नाही. तिचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर होतं. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की ४:१० चे होतात सकाळचे ९:४०. खरी सुकती ती. तिथून सहा तास पुढे मोजा, येतो आपण पावणेचारलाच. आईला विचारलं असतं तर चप्पल वाचली असती.

तेव्हा भरती-ओहोटी बघायची झाली तर असं करा. साईट उघडल्यावर आधी बंदर बघा. मुरगाव किंवा पणजी असेल तर ठीक. मुंबईची वेळ गोव्याला चालत नाही. मग वेळेशेजारी काय लिहिलंय ते बघा. यूटीसी किंवा जीएमटी असेल तर साडेपाच तास मिळवा, आयएसटी असेल तर आहे तेच घ्या. मग कालनिर्णयात तिथी बघून पाऊणपट करा. दोन्हींत पाऊण-एक तासाचा फरक चालतो. पाच-सहा तासांचा पडला तर कुठेतरी घोळ आहे. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या भरतीला, पाऊणकी जास्त चुकते. तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. गाळ उघडा हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. उधाणाला आपल्याकडे भरती आणि सुकतीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो.

आणखी एक. बंदराची वेळ ही समुद्राच्या तोंडाशी. नदीत आत जाल तसा उशीर होतो. किती, ते कुठलीच साईट तुमच्या घाटापुरतं सांगत नाही. त्यासाठी बांबूच्या काठीला वीतभर अंतरावर रंगाच्या रेघा मारा, सुकतीला गाळात घट्ट रोवा आणि दर अर्ध्या तासाने कुठल्या रेघेपर्यंत पाणी आलं ते लिहा. दोन-तीन दिवसांत तुमच्या घाटाचा उशीर कळतो, आणि तो जन्मभर पुरतो. खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, ज्यांची शेतं आहेत आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं ज्यांना सांभाळावी लागतात, त्यांना हे मी सांगायची गरज नाही. हे शहरातून वीकएंडला येणाऱ्यांसाठी.

समुद्रावर जाणार असाल तर वेळेपेक्षा लाट महत्त्वाची. हैदराबादची इनकॉइस ही सरकारी संस्था भरतीच्या वेळांबरोबर उंच लाटांचे इशारेही देते. ते बघितल्याशिवाय खडकावर शिनाणे (शिंपले) काढायला उतरू नका.

आता पोर्तुगीज कागद. वहीतली सगळ्यात जास्त पानं याचीच.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पण घरातल्या ट्रंका मुक्त झाल्या नाहीत. विक्रीखत, वाटणीपत्र, जमीन नोंदीचा दाखला, सगळं पोर्तुगीजमध्ये. पूर्वी गावात एक तरी म्हातारा असायचा ज्याला ते वाचता यायचं. आता लोक माझ्याकडे येतात आणि मी गूगल लेन्सकडे जातो.

कागद खिडकीशी न्या, उन्हात नको, सावलीतल्या उजेडात. ट्यूबलाइटखाली मोबाईलची सावली पडते आणि मधल्या चार ओळी काळ्या होतात. घडी पडलेला कागद काचेखाली दाबून सपाट करा. अख्ख्या पानाचा एक फोटो न काढता चार-पाच ओळींचे तुकडे करा. भाषा आपोआप ओळखू देऊ नका, पोर्तुगीज स्वतः निवडा, नाहीतर मध्येच स्पॅनिश समजून घेतो. आणि भाषांतर आधी इंग्रजीत घ्या, मग मराठीत. थेट मराठीत घेतलं तर वाक्याच्या शेपटीला काय बांधलंय ते कळत नाही. छापील किंवा टाइप केलेला कागद छान वाचतो. हाताने लिहिलेला, तिरक्या वळणाचा असेल तर नाव आणि आकडे सोडून बाकी विसरा. आकड्यांतही एक गंमत आहे. जुन्या लिहिण्यात एकाला वरून लांब शेंडी असते, आणि साताच्या पोटात आडवी रेघ. लेन्सला शेंडीवाला एक सात वाटतो. आडवी रेघ नसेल तर तो बहुतेक एकच.

पहिल्यांदा पारख कशी करायची? कागदावर शब्द शोधा: 'नॉर्ति' आणि 'सूल', उत्तर आणि दक्षिण. जमिनीच्या प्रत्येक कागदात चतुःसीमा असतेच. त्यांच्या जोडीला 'नासेंति' आणि 'पोएंति' असतात, म्हणजे पूर्व आणि पश्चिम, सूर्य उगवतो ती बाजू आणि मावळतो ती. पण पोर्तुगीजमध्ये 'नासेंति' म्हणजे पाण्याचा झराही. एका गिऱ्हाइकाच्या कागदाचं भाषांतर आलं, "झऱ्याला अमक्यांची माडांची बाग". तो बिचारा आठवडाभर जमिनीत झरा शोधत होता. विहीर खणायचाही बेत झाला होता. मी म्हटलं, अहो, तुमच्या पूर्वेला कोण राहतं? त्याने सांगितलं ते आडनाव कागदावर होतंच.

दुसरा घोळ पैशांचा. १९५९ पर्यंत इथे रुपिया चालायचा, त्याचे सोळा 'टांगा'. त्यानंतर एस्कुदो आला, एका रुपियाला सहा. आजच्या पोर्तुगीजमध्ये 'टांगा' या शब्दाचा अर्थ लंगोट. त्यामुळे एका घरभाड्याच्या पावतीत मला "दोन रुपये आणि आठ लंगोट मिळाले" असं वाचायला मिळालं. ती पावती घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या, सोवळ्याच्या. मी आधी मशीनचा आवाज वाढवला आणि मग हसलो.

हे शब्द वहीच्या कव्हरच्या आत चिकटवून ठेवलेत, तुम्हीही ठेवा: 'कन्सेल्यू' म्हणजे तालुका, 'प्रेदियु' म्हणजे मिळकत, 'पाल्मार' म्हणजे माडांची बाग, 'वार्झिया' म्हणजे भातशेत, 'ओयतेरु' म्हणजे डोंगर किंवा भरड, 'वाला' म्हणजे चर, 'कामिन्यु' म्हणजे वाट. 'वार्झिया'ला मशीन पूरमैदान म्हणतं. भातशेतच धरा. १९११ च्या आधीचा कागद असेल तर स्पेलिंग जुनं असतं, अक्षरं दुहेरी, 'फ' साठी 'पी' आणि 'एच'. त्या वर्षी पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं. अशा वेळी लेन्सने वाचलेला मजकूर कॉपी करा, दुहेरी अक्षरं हाताने एकेरी करा, मग भाषांतराला टाका. एकदम सुधारतं. कोर्टकचेरीला मात्र हे भाषांतर उपयोगाचं नाही, तिथे अधिकृत अनुवादकाचाच शिक्का लागतो. घरी बसून कागदात काय आहे एवढं कळायला आणि कुठला कागद अनुवादकाकडे न्यायचा ते ठरवायला हे पुरतं. दहा कागदांतले आठ निव्वळ पावत्या निघतात.

आत्ताच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपला गोव्याचा सातबारा, ऑनलाइन दिसतो, हे अजून निम्म्या लोकांना ठाऊक नाही. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, सबडिव्हिजन एवढं हाताशी हवं. आधी स्वतःच्या घराचा काढा, नावं बरोबर येतात का बघा, मगच ज्या जमिनीसाठी बयाणा द्यायचाय तिचा. सबडिव्हिजनचा आकडा चुकला तर उतारा येतो, पण शेजाऱ्याचा.

संचार साथी हे दूरसंचार खात्याचं पोर्टल, २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालं. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं. यादीत आपल्या माहितीचा नंबर आहे ना, ते आधी बघा, मग अनोळखी नंबरावर "माझा नाही" हे बटण दाबा. घाईत बायकोचा नंबर बंद करून बसलेले गृहस्थ मी पाहिलेत. तिचं सिम त्यांनीच घेऊन दिलं होतं. साईटचा पत्ता जीओव्ही डॉट इनवर संपतो की नाही ते तपासा, हुबेहूब नकली साईटी असतात. फोन हरवला तर याच पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, पण त्याला पोलिसांतली तक्रार आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर लागतो. तो नंबर फोन हातात असतानाच लिहून ठेवायचा: डायल करा स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. आज करा. खात्यातून पैसे गेले तर मात्र पोर्टलबिर्टल नको, लगेच १९३० ला फोन.

पत्त्याची अडचण आपल्याकडे कायमची. "पिंपळाकडून डावीकडे, मग खुरीस लागेल, तिथे विचारा." टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. देशाचे साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन करून प्रत्येकाला दहा अक्षरांचा कोड दिलाय. काढताना घरात बसून काढू नका. कौलांखाली जीपीएस चुकतं, आणि चार मीटर म्हणजे आपल्या पडवीवरून शेजाऱ्याच्या गोठ्यात. अंगणात या, मिनिटभर थांबा, मग घ्या.

पक्ष्यांसाठी मर्लिन, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ॲप. फुकट. आवाज ऐकून पक्षी सांगतं. आपल्या भागाचा पॅक उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालतं. मुलीने बसवलं, मी पहिली परीक्षा कावळ्याची घेतली, मग कोकिळेची, मग परसात हुप हुप करणाऱ्या भारद्वाजाची. तिन्ही बरोबर. त्यानंतर पावसाळ्यात पहाटे कुणीतरी वाट चुकलेल्या पोरासारखं शीळ घालत होतं, त्याचं नाव त्याने सांगितलं तेव्हा विश्वास ठेवला: शीळकरी कस्तुर.

झाडं-पानं ओळखणारी ॲपं मात्र मी हौसेपुरतीच ठेवतो. पावसात रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, अळमी उगवली की दुकानात कुणीतरी फोटो दाखवतो, "हे खायचं का बघ तुझ्या मोबाईलात." नाही बघणार. विषारी आणि खायच्या अळंब्यांत फरक कधी कधी देठाच्या बुडाशी किंवा मातीच्या आत असतो, आणि फोटोत येते ती टोपी. इथे माझी वही कोरी आहे.

मे महिन्यात आईची सोलं वाळत असतात. भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं, रस लावून लावून उन्हात. दुपारी घाटाच्या बाजूला काळं झालं की धावपळ. त्यासाठी हवामान खात्याचा पणजीचा रडार बघतो. एक चित्र बघून काही कळत नाही, फिरती चित्रं लावा आणि रंगाचा डाग आपल्याकडे सरकतोय की दूर चाललाय ते बघा. चित्रावरची वेळ आधी वाचा; यूटीसी असेल तर पुन्हा तेच, साडेपाच मिळवा. विजेसाठी दामिनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ॲप. वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. ते वाजलं की सोलं राहू देत, आईला आधी आत घ्या.

शेवटचं पान बिनकामाचं, पण मला सगळ्यात आवडतं. गोव्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. पणजी-म्हापशाच्या पट्ट्यात ३ मेच्या आणि १० ऑगस्टच्या आसपास, काणकोणला मेमध्ये दोनेक दिवस आधी. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून मे धरायचा. भारतीय खगोल संस्थेच्या साईटवर शून्य सावली दिवस शोधला की आपल्या गावाची तारीख मिळते. तारखांच्या मधल्या तीन महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं.

वेळ मात्र बारा नव्हे. आपलं घड्याळ चालतं ८२.५ रेखांशावर, पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळ. आपण ७३.८ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेमध्ये त्यातली तीनेक मिनिटं कमी होतात. म्हणून १२ वाजून ३२ मिनिटं.

हातभर पीव्हीसी पाइप घ्या, वाकडा नको. सपाट फरशीवर उभा करा, ओळंबा नसेल तर दोरीला चावी बांधून सरळ आहे का बघा. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने टिंब करा. पारख इथेही करायची: आठवडाभर आधी एकदा हेच करून बघा, टिंबं कुठल्या बाजूला पडतात आणि किती वाजता सावली सगळ्यात आखूड होते ते. ती वेळ बत्तीसच्या आसपास आली तर हिशोब बरोबर.

यंदा आम्ही तुळशीसमोर केलं. मुलगी खडू घेऊन, मी घड्याळ घेऊन, आई सोलांच्या ताटाशेजारी डोक्यावर पदर घेऊन. साडेबाराला सावली पाइपाच्या बुडाशी गेली, मग तीही दिसेना. आई वाकून बघायला लागली. "सावळी खंय गेली गो?" तिने नातीला विचारलं. नातीने पाइप उचलून दाखवला. तिने तो हातात घेतला, आतून आकाश बघितलं, परत ठेवला. बारा चाळीसला दुसऱ्या बाजूने रेघभर सावली बाहेर आली, तशी ती म्हणाली, "आली परत. आता हात धुवा, आमटी निवतेय."